शुभविवाहाच्या अल्बममधले कपॅसिटर

हिंगोलीत भाड्याची खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालकानं मला नाव, गाव, जात, लग्न झालं का, नसेल तर कधी होणार, मटण शिजवणार का, एवढं सगळं विचारून घेतलं होतं. ज्यांच्याकडे शेवटी राहिले त्या सरांनी एकच विचारलं.

"पंख्याशिवाय भागते का तुमचं?"

मे महिना होता. ओढणी घामानं मानेला चिकटली होती. मी म्हटलं, "सर, इथल्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय माणूस जिवंत राहील का?"

"वरच्या खोलीत लावा हो कितीबी. पण वर जायचा जिना माझ्या बैठकीतून हाय. येता-जाता खालच्या पंख्याच्या बटनाला हात लावायचा न्हाई. दार धाडकन लोटायचं न्हाई. शिंक आली तर आधी अंगणात जायचं, मग शिंकायचं." मग जरा आठवून म्हणाले, "बाकी आपली काही तकलीफ न्हाई."

मी खोली घेतली. दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच लागले होते, ड्युटीच्या वेळा विचित्र. ज्या घरमालकाला माझ्या येण्याजाण्यापेक्षा माझ्या शिंकेची काळजी जास्त, त्याच्याकडे बाईमाणसानं बिनघोर राहावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, अंगात कायम सुती सदरा-पायजमा, डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर सरकवलेला भिंगाचा दुसरा. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, याची कारणं गल्लीतल्या बायकांनी मला इतक्या तऱ्हांनी सांगितली की त्यातलं एकही खरं नसावं. बैठकीत सोफा नाही, टीव्ही नाही. खिडकीशी एक लांबलचक टेबल आणि त्यावर पांढरा ड्रॉइंग पेपर पसरलेला. पहिल्या रविवारी मला वाटलं, आपणही या घरात राहतो, जरा हातभार लावावा. त्या कागदावर काळी-तपकिरी बारीक घाण पडली होती, खसखशीसारखी. मी ओलं फडकं घेऊन वाकले. सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी फक्त बाळंतिणींच्या वॉर्डात ऐकला होता.

"ओ सिस्टर! ते रेझिस्टर हाईत!"

मग त्यांनी मला बसवून समजावलं. जुन्या रेडिओच्या आत जे भाग असतात त्यांना तारेचे दोन-दोन पाय असतात. पाय बोर्डाच्या भोकात घालायचे आणि मागून कथिलाचा डाग द्यायचा. हे नवे भाग बिनपायाचे. बोर्डावर नुसते ठेवायचे आणि कडेला डाग द्यायचा. सरफेस माउंट म्हणतात. मोबाइलच्या पोटात हेच असतात. सर ते उचलायचे कसे, तर अगदी बारीक ब्रशचं टोक पाण्यात बुडवून, निथळवून, त्या टोकावर. उभी हयात पोरांच्या चित्रातल्या डोळ्यांना बुबुळं काढून देणारा हात तो. भाग जागेवर बसेपर्यंत ते श्वास घ्यायचे नाहीत आणि मी जिन्यात असले तर मलाही घेऊ द्यायचे नाहीत.

"पण सर, एवढं बारीक काहून? मोठं मिळत न्हाई का?"

"मिळते की. पण मेंढराला कळते ना."

ही गोष्ट मला पुढे हळूहळू उलगडली. सर मूळचे सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं आणि बकऱ्या. त्यांच्या मामाचा कळप एकदा दिवेलागणीला सडकेवरून परतत होता, तर ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. तेव्हापासून सरांच्या डोक्यात एकच: मेंढराच्या गळ्यात असा दिवा बांधायचा, जो अंधारून आलं की आपोआप लुकलुकेल. पहिला दिवा त्यांनी मोठ्या भागांचा केला. मेंढीनं बाभळीला मान घासून घासून त्याचा चुरा केला. दुसरा केला त्याच्या वायरी शेजारच्या बकरीनं खाल्ल्या. तेव्हा सरांनी ठरवलं की दिवा इतका हलका पाहिजे की जनावराला कळलाच नाही पाहिजे. तिथून ते या खसखशीत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. दिवा काही पुरा होत नव्हता. प्रत्येक वेळी काहीतरी सुधारायचं राहायचं. मी विचारलं की म्हणायचे, "झालंच आहे, आता फक्त आकारानं अर्धा करायचा हाय."

अंगणात बोअरचा एक लोखंडी नळ होता. बैठकीत पाऊल टाकायच्या आधी त्या नळाला हात लावायचा, हा सरांचा सगळ्यात कडक नियम. हिवाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, ती वीज बोटातून त्यांच्या चिपमध्ये शिरली की चिप मरते. नळाला हात लावला की अंगातली वीज जमिनीत. शास्त्र बरोबर होतं, पण गल्लीनं त्याचा अर्थ वेगळाच घेतला. सर म्हातारपणी सोवळे झाले, हात धुतल्याशिवाय कोणाला घरात घेत नाहीत, असं पसरलं. सरांच्या कानावर ते आलं असणार, पण असल्या गोष्टी त्यांच्या कानातून आत जात नसत.

एकदा मात्र गेली. त्यांचे एक जुने मित्र होते, तांड्यावरचे, तेही निवृत्त गुरुजी. कितीतरी वर्षांनी भेटायला आले. आनंदानं दारात आले आणि सर आतून ओरडले, "थांबा, थांबा! आधी नळाला हात लावा!" गुरुजींचा चेहरा एकदम उतरला. मी जिन्यात उभी होते.

"काहून?" गुरुजी म्हणाले. "आमच्या हाताला काय लागलंय?"

सरांना ते समजायला एक क्षण लागला. समजलं तसे ते अनवाणीच अंगणात आले, स्वतः नळ धरला, दुसऱ्या हातानं गुरुजींचा हात धरला आणि तसेच उभे राहिले. मग तिथेच, उन्हात, ढगातली वीज, अंगातली वीज, स्वेटर, चिप, सगळं सांगत सुटले. गुरुजी आधी रागानं ऐकत होते, मग नुसते ऐकत होते, मग म्हणाले, "अरे बाबा, हात तर सोड, भाजून राहिलंय." लोखंड तापलेलं होतं आणि दोघांनीही सोडलं नव्हतं. पुढे हेच गुरुजी दर आठवड्याला यायचे आणि दारात दुसरं कोणी दिसलं की आधी तेच ओरडायचे, "नळाला लावला का हात?"

सरांच्या खरेदीचं काय सांगू! कुरियरवाला बुटाच्या खोक्याएवढा डबा घेऊन यायचा. त्यात फुगे असलेलं प्लॅस्टिक, त्यात कागद, त्यात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट आणि त्याच्यात वीतभर पट्टी. आमच्या गोळ्यांची असते तशी. ओळीनं बारीक खण, खणात एकेक दाणा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. एकदा पट्टीतले खण रिकामेच दिसले. सर संतापले. दुकानदाराला फोन लावून रागावले, आणि सर रागावले की भाषा इतकी शुद्ध व्हायची की समोरच्याला राग कळायचाच नाही. "आपण मला रिक्त पट्टी धाडलेली आहे." मी माझं डोळ्यांच्या तपासणी शिबिरातलं भिंग आणून बघितलं, तर खणात काहीतरी होतं. सरांनी मापाचा आकडा चुकीचा टाकला होता, आणि आलेला माल असा होता की त्याच्यापुढे रवा जाडा. सरांनी ताबडतोब दुकानदाराची माफी मागितली. परत मात्र पाठवला नाही. "राहू द्या," म्हणाले, "एक दिवस हात तयार होईल." सत्तरीला टेकलेला माणूस हे बोलत होता.

या पट्ट्या ठेवायच्या कुठे? गावातला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा सरांनी त्याचे उरलेले कोरे अल्बम उचलून आणले. पानापानावर पारदर्शक कप्पे, त्यात पट्ट्या सरकवायच्या, खाली सरांच्या वळणदार अक्षरात किंमत, म्हणजे रुपये नव्हे, तो भाग किती ताकदीचा ते, लिहिलेली चिठ्ठी: दहा के, शंभर नॅनो, वगैरे. व्यवस्था झकास होती. फक्त प्रत्येक अल्बमच्या पुठ्ठ्यावर सोनेरी नवरा-नवरी आणि मोठ्ठ्या अक्षरात 'शुभविवाह'. ब्रह्मचारी माणसाच्या कपाटात शुभविवाहांची चळत! दवाखान्यातली माझी मैत्रीण एकदा आली होती, ती दबक्या आवाजात विचारते, "अगं, किती केली यांनी?"

त्या चिठ्ठ्यांचं महत्त्व सरांनी मला एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी अर्धवटच ऐकलं. रेझिस्टरच्या पाठीवर बारीक आकडा छापलेला असतो, भिंगातून वाचता येतो. कपॅसिटर म्हणून दुसरा भाग असतो, त्याच्यावर काहीच नसतं. सगळे सारखे, तपकिरी, मुके. पट्टीतून बाहेर पडला की तो कोणता, हे बघून कोणीही सांगू शकत नाही. सर म्हणायचे, "रेझिस्टर हरवला तर पत्ता सांगून घरी येते. कपॅसिटर म्हंजे जत्रेत सुटलेलं लेकरू." म्हणून कपॅसिटरची पट्टी ते कापायचे तीसुद्धा हवी तेवढीच, आणि उरलेली लगेच कप्प्यात.

पावसाळ्यात चिपांना दमट हवा बाधते. औषधाच्या बाटलीत ओल शोषायची ती छोटी पुडी असते ना, ती रिकाम्या बाटल्यांतून काढून आणायचं काम माझ्याकडे. सर पुड्या फोडून आतले दाणे लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे, म्हणजे ते पुन्हा कोरडे. घरभर वास नाही, काही नाही, आणि हा माणूस उलथनं घेऊन शेंगदाण्यासारखं परततोय. मी म्हणायचे, "सर, कधीतरी खायचंही काहीतरी भाजा." कारण ते स्वतः दोन्ही वेळा खिचडी खायचे. कुकर लावायचा, शिट्टी झाली की बंद, संपलं.

असं आमचं चाललं होतं आणि मग सरांची आई आली.

ती साखऱ्यालाच राहायची, एकटी, हट्टानं. उंबऱ्यावरून पडली आणि खुबा दुखावला. काठी घेऊन उभी राहायला लागली, पण डोळ्यांना धूसर दिसायचं, तोल जायचा. सरांनी तिला हिंगोलीला आणलं. मी रोज असले खुबे बघत होते. मी सरांना स्पष्ट सांगितलं, "सर, आई आता एकट्या राहिल्या आणि परत पडल्या, तर खाटेवरून उठायच्या नाहीत. त्यांना परत जाऊ देऊ नका." साखऱ्याला शेजारपाजार होता, पण तो उजाडल्यापासून रानात. पडली तर दिवेलागणीपर्यंत कोणाला कळलंही नसतं.

आईला हे पटायचं नाही. उन्हातान्हात मेंढरं राखलेली बाई. तिला शहरात करायला काही नव्हतं. गहू नाहीत, पिठाचं पाकीट. डाळ निवडलेली, तांदूळ निवडलेला. अंगणात फरशी, सारवायला जागा नाही. ती सकाळी उठायची, आपली दोन लुगडी, आरसा, तंबाखूची डबी, सगळं एका फडक्यात घालून गठुडं बांधायची, काठीला धरून दारात बसायची आणि म्हणायची, "मला साखऱ्याला नेऊन घाल रं."

सर म्हणायचे, "बरं आई, बघू."

आणि परत टेबलाकडे वळायचे. मला त्यांचा असा राग यायचा! सरांना आई हवी होती, हे मला दिसत होतं. ती आल्यापासून खिचडीत भाज्या पडायला लागल्या होत्या. तिच्या काठीला त्यांनी बटणाएवढा दिवा बसवला होता. पण तोंडानं बोलणं नाही. कपॅसिटरवर तासभर बोलतील, आईला 'राहा' म्हणायला यांची जीभ उचलेना. मी एकदा म्हटलंही, "सर, त्यांना सांगा ना सरळ." तर म्हणाले, "तिला आजवर कोणी काही सांगितलं न्हाई सिस्टर. ती ठरवते." आणि दुपारपर्यंत गठुडं दारात पडून असायचं.

एक दिवस सर कशासाठी तरी नांदेडला गेले होते. मी ड्युटीवरून परतले, नळाला हात लावला, आत आले. आई दारातल्या उजेडात पाय पसरून बसली होती. मांडीवर सूप. भोवती अल्बम उघडे पडलेले. ती एकेक पट्टी घ्यायची, नखानं वरचं प्लॅस्टिक सोलायची, पट्टी सुपात उलटी करून टिचकी मारायची. दाणे सुपात. मग सूप हळूच पाखडायची, प्लॅस्टिकचे तुकडे पुढे येऊन खाली पडायचे, दाणे मागे. शेजारी वाट्या मांडलेल्या. काळ्याची वाटी वेगळी, तपकिरीची वाटी वेगळी, पांढऱ्याची वेगळी. एक दाणा जमिनीवर सांडलेला नाही. पंखा बंद. नळालासुद्धा हात लावून बसली होती, तिनंच सांगितलं.

"बघ गं बाई," तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुललेला, "किती कचऱ्यात घालून ठिवलं व्हतं माझ्या लेकरानं. समदं निवडून दिलं. त्याला बिचाऱ्याला कवा टाइम भेटावा."

तपकिरी वाटी गच्च भरली होती. वर्षानुवर्षांचे कपॅसिटर, सगळ्या किमतींचे, एका वाटीत.

सर आले. मला वाटलं, आता तो बाळंतिणीच्या वॉर्डातला आवाज निघणार. त्यांनी सूप बघितलं, वाट्या बघितल्या, रिकामे अल्बम बघितले. एक तपकिरी दाणा बोटाच्या टोकावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले, जसं काही तो आता बोलेल. मग वळून बाहेर गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"आई, लई बारीक काम केलंस गं. डोळे दुखले असतील."

"डोळे हाईत कुठं? उजेडात रंग तेवढा कळतो, बाकी बोटानं केलं. आजून हाय का?"

सर म्हणाले, "हाय."

त्या संध्याकाळी आई दोन भाकरी जेवली. सकाळी दारात गठुडं दिसलं नाही.

आणि मग या माणसानं काय करावं? आईच्या हातून वाचलेले अल्बम कपाटात घालून कुलूप लावलं, आणि आईला सोलायला म्हणून पट्ट्या मागवायला सुरुवात केली! जे भाग त्यांना जन्मात लागणार नव्हते ते. स्वस्तातले, जाडसर, आईच्या बोटाला लागतील असे. कुरियर आलं की आई सूप घेऊन तयार. ती सोलायची, पाखडायची, वाट्या भरायची. सर शेजारी बसून मीटरची दोन टोकं लावून त्या पहिल्या वाटीतला एकेक कपॅसिटर मोजायचे आणि परत चिठ्ठ्या लावायचे. पट्टीतून काढलेलं एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं पट्टीतून काढतच राहायचं. मी म्हटलं, "सर, हा शुद्ध येडेपणा आहे."

"आहे," सर म्हणाले. "पंचावन्न नॅनो. असा तर मी घेतलाच नव्हता."

मेंढराचा दिवा बाजूलाच पडला. गुरुजी येऊन विचारायचे, दिवा कुठवर आला, तर सर आईकडे बोट दाखवायचे, "कच्चा माल तयार होऊन राहिला." गुरुजीही मग थोड्या पट्ट्या सोलायचे. आई त्यांना दटावायची, "गुर्जी, तुमी लई सांडता." घर इतकं छान झालं होतं त्या दिवसांत की मी सुट्टीलाही गावी जायला निघेना.

पोळ्याच्या आधी पाऊस लागून राहिला. कुठेतरी पुलावरून पाणी गेलं, कुरियर येईना. पट्ट्या संपल्या. एक दिवस आईनं रिकाम्या सुपावरूनच हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरले तर दारात गठुडं.

"मला साखऱ्याला नेऊन घाल रं."

"बरं आई, बघू."

या वेळी आईनं वाट बघितली नाही. गल्लीतल्या कोणाच्या तरी फोनवरून तिनं साखऱ्याला भावाला निरोप धाडला. तोच मामा, ज्याच्या कळपात ट्रक घुसला होता. पाऊस उघडला त्या दिवशी तो जीप घेऊन दारात. भला माणूस, बहिणीनं बोलावलं म्हणून आला.

"आक्का, चल. घर सारवून घेतलंय तुजं. सून दोन टाइम भाकर आनून दील."

"आन् मधल्या वक्ती?" मीच मध्ये बोलले. "मधल्या वेळी कोण असतं तिथं? त्या पडल्या तर?"

"पडंल काहून?" मामा म्हणाला. पण त्याचा आवाज जरा खाली गेला आणि तो जीपकडे वळला.

आई काठी टेकवत उठली. मी सरांकडे बघितलं. ते टेबलाशी उभे, हातात ब्रश, ब्रशला काही नाही. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, आत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. हातात राखून ठेवलेले अल्बम घेऊन आले, सगळे, छातीशी धरून, आणि आईसमोर जमिनीवर बसले.

"आई, हे राहिलंय अजून. एवढं सोलून दे ना."

ही त्यांची राहिलेली सगळी पुंजी होती. हे एकदा वाटीत गेलं की दिवा त्यांच्या हयातीत होत नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

आई परत खाली बसली. एक अल्बम मांडीवर ओढला. कप्प्यावरून बोटं फिरवली, पट्टीवरून, मग खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. दुसरं पान, तिसरं पान. प्रत्येक पट्टीखाली चिठ्ठी.

"हे कुलपात काहून ठिवलं व्हतं?"

सर एका चिठ्ठीचा सुटलेला कोपरा बोटानं दाबून बसवायला लागले.

"कुलपातलं काढून मला सोलायला देतो. म्हंजे हे सोलायचं नस्तं." तिनं मान वर केली. "पयल्या डावाला मी सोललं, ते बी सोलायचं नव्हतं. व्हय ना?"

"तसं काही न्हाई आई."

"लबाड बोलू नको. सिस्टर, तू सांग गं."

मी नर्स आहे, पेशंटशी गोड खोटं बोलणं माझ्या हाताला बसलेलं आहे. पण त्या म्हातारीपुढे मला जमलं नाही. मी म्हटलं, "नव्हतं, आई. ते सगळं एकात एक झालं."

तिनं अल्बम मिटून बाजूला ठेवला. चेहरा इतका पडला की मला माझीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"मंग तवाच काहून न्हाई बोललास मला?"

सर म्हणाले, "त्या दिवशी तू पोटभर जेवलीस."

बाहेर मामानं जीपचा हॉर्न वाजवला. आईनं काठीकडे हात नेला. माझा संयम संपला. घरमालक, वय, शिक्षक, सगळं विसरून मी ओरडले, "सर, आता तरी तोंड उघडा की! पट्ट्या कशाला देताय त्यांना? बोला!"

सरांनी आईच्या लुगड्याचा काठ धरला.

"आई, जाऊ नको," ते म्हणाले. आणि मग एकदम, एखादं लहान पोरगं रडत रडत सांगतं तसं, "काम न्हाई म्हणून जाऊ नको. काही करू नको तू. नुसती बस. सोलू नको, निवडू नको, पण हितं बस. तू गेली की मला करमत न्हाई गं. मला घरात कोणी पायजे. मला तूच पायजे."

आईनं काठी आपटली.

"येवढं बोलाया इतके दिस लागले व्हय रं तुला? रोज सकाळी मी काय हौसेनं गठुडं बांधत व्हते? एकडाव तरी लेक म्हनंल, सोड आई, नको जाऊ. तर तू आपलं, बरं आई, बघू. बरं आई, बघू. मला वाटलं, ह्याला माजी अडचन होऊन राहिली. काम केलं तर ठिवून घील."

सर खाली मान घालून रडत होते. चष्मा एक नाकावर, एक कपाळावर. मीही रडत होते. मामा दारात येऊन उभा राहिला, आमच्याकडे बघून गोंधळला.

"आक्का, मंग मी काय करू?"

"तू च्या पी आन् जा," आई म्हणाली. मग तिनं गठुडं सरांच्या पुढ्यात ढकललं. "सोड आता."

सर गाठ सोडायला लागले. रोज रोज बांधून ती आवळून बसली होती, त्यात पावसानं फडकं ओलसर. त्यांची नखं घसरत होती. मी पुढे झाले तर आईनं मला काठीनं अडवलं.

"तू ऱ्हाऊ दे गं. त्यालाच सोडू दे." आणि लेकाकडे वळून ओरडली, "आरं, दात लाव, दात!"

सरांनी दात लावले.